माळ्यावरची बाळंतीण

झटका येऊन गेल्यानंतर आईच्या तोंडून पहिलं धड वाक्य बाहेर पडलं, आणि ते ऐकून ताईच्या हातातला चमचा वाटीतच राहिला.

"वरच्या बाईचे दिवस भरत आलेत," आई म्हणाली.

त्याआधी ती बोलत नव्हती असं नाही. पण ते बोलणं म्हणजे सगळा घोटाळा. पाणी हवं असलं की म्हणायची "दार", उशी हलवायची असली की म्हणायची "मंगळवार". ताईने ती भाषा हळूहळू शिकून घेतली होती. आईची उजवी बाजू लुळी पडली होती. उजवा हात गादीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडलेला असायचा. अशा बाईने एकही अक्षर न अडखळता, पूर्वीच्या खणखणीत आवाजात एवढं बोलावं, याने ताईला आनंदच व्हायला हवा होता. पण अंगावर काटा आला.

"कुठली बाई गं आई? वर कोण राहतं?"

आईने डाव्या हाताचं बोट छताकडे केलं आणि ताईकडे असं बघितलं, की एवढंही कळत नाही का तुला.

वर कुणीच राहत नव्हतं. घर म्हणजे पुढे ताईचं चष्म्याचं दुकान, मधे स्वयंपाकघर आणि मागे कालव्याच्या बाजूला आईची खोली. डोक्यावर लाकडी फळ्यांचं छत, आणि ते छत नि पत्रे यांच्यामधे माणूस कमरेत वाकून चालेल एवढा माळा. तिथे मोडक्या खुर्च्या होत्या, आईची जुनी पेटी होती, ताईच्या न टिकलेल्या लग्नातल्या काही वस्तू होत्या. आईच्या पलंगाच्या बरोबर वर माळ्याची झडप होती. शिडी लावून वर जायचं. पण कित्येक वर्षांत कुणी ती शिडी लावली नव्हती.

आई उभा जन्म सुईण होती. गल्लीतल्या निम्म्या लोकांना जगात आल्याआल्या पहिली चापट तिचीच बसलेली. पुढे त्यांच्याच डोळ्यांना नंबर लागले की ते ताईकडे यायचे. धाकटा भाऊ लिफ्टची दुरुस्ती करायचा. तो म्हणायचा, "आपल्या घराच्या तावडीतून माणूस सुटत नाही. आई बाहेर काढते, ताई दिसायला लावते, आणि मी वर पोचवतो."

आईच्या डोक्यात जुन्या बाळंतिणी घोळत असतील, असं ताईने मनाला समजावलं. पण त्या दिवसापासून तिचे कान वर लागले ते लागलेच.

आणि कान लावल्यावर ऐकू येऊ लागलं.

टिक, टिक, टिक. विणकामाच्या सुया लाकडावर हलकेच टेकवत कुणी जावं, तसं. उंदीर पळतो, खुडबुडतो. हे चालत होतं. अगदी सावकाश, भिंतीच्या कडेकडेने, मग आडवं, आणि मग आईच्या पलंगाच्या बरोबर वर येऊन थांबायचं. काहीतरी जड वस्तू खाली ठेवावी तशी फळी करकरायची, आणि फटीतून धुळीची बारीक रेघ आईच्या पांघरुणावर उतरायची. आई त्या वेळी वर बघत असायची. दिवस मावळायच्या सुमाराला हे हमखास घडायचं. त्यानंतर खोलीत एक वास पसरायचा, ओला, उग्र, नाकात बसणारा. ताई जमीन पुसून काढायची, खिडकी उघडायची, पण तो वास जमिनीला नव्हताच.

एका सकाळी कालव्यावर दाट धुकं होतं. आईला पुसून झालेलं पाणी ओतायला ताई मागच्या दारात आली. शेजारच्या बेकरीवाल्याची बदकं नेहमीप्रमाणे पाण्यात होती. त्यातलं एक पांढरं बदक इतरांपासून थोडं लांब, मजेत तरंगत होतं. ताई त्याच्याकडे बघत असताना ते खाली गेलं.

बुडी मारली नाही. फडफडलं नाही, ओरडलं नाही. पाण्याखालून कुणी पाय धरून ओढावं तसं सरळ खाली गेलं, आणि जागेवर पाण्याचं एक गोल वलय तेवढं उरलं. बाकीच्या बदकांना पत्ताच लागला नाही.

ताई घमेलं धरून उभीच राहिली. बऱ्याच वेळाने पलीकडच्या लव्हाळ्यांजवळ पाणी हललं आणि एक चपटं डोकं वर आलं. कान बारके, गोल, डोक्याला चिकटलेले. कपाळावरून मागे जाणाऱ्या काळ्या रेघा. जबड्यात ते पांढरं बदक. दोन डोळे सरळ ताईवर लागलेले. मग ते जनावर पाण्याबाहेर आलं. आखूड पायांचं, जाडजूड, राखाडी-हिरवट अंगावर ठिपक्यांच्या ओळी, शेपूट अर्धीच असल्यासारखी. एवढा वेळ पाण्याखाली राहूनही ते आतपर्यंत भिजलेलं वाटत नव्हतं. बेकरीच्या छपरावर ते चढलं, तिथून ताईच्या पत्र्यावर आलं आणि माळ्याच्या फुटक्या झरोक्यातून आत गेलं. दिवसभराचं काम उरकून भाडेकरू घरी यावा, इतकं सहज.

ताईने धाकट्याला फोन लावला.

तो आला तो थट्टा करतच. "मांजर आहे म्हणतेस, आणि आवाज वाघ शिरल्यासारखा करतेस." त्याचं सगळं आयुष्य अंधाऱ्या लिफ्टच्या खड्ड्यांमधे गेलेलं, त्यामुळे माळ्याची त्याला मातब्बरी नव्हती. आईचा पलंग त्याने बाजूला सरकवला, शिडी लावली, दातांत बॅटरी धरली आणि झडप उचलून डोकं वर घातलं.

मग तो हलला नाही. ताईला खालून त्याचे पाय तेवढे दिसत होते. उजव्या पायाचा अंगठा शिडीच्या पायरीला घट्ट वळलेला. तिने दोनदा हाक मारली. शेवटी तो एकेक पायरी चाचपत खाली उतरला, झडप ओढून घेतली आणि जमिनीवरच बसला.

"पाणी दे," तो म्हणाला.

"काय आहे रे?"

"मांजर आहे. पण मांजर नाही." तो घटाघटा पाणी प्यायला. "ती पळाली नाही गं ताई. मांजर पळतं, फिसकारतं. हिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मीच चोरासारखा हिच्या घरात शिरलोय असं. आणि पोट खाली जमिनीला टेकलंय तिचं."

"पहिलटकरीण," आई पलंगावरून म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे बघितलं. आई छताकडे बघत होती.

धाकट्याने दुसऱ्याच दिवशी वनखात्यातून एक बाई आणली. उंच, सडपातळ, पुढच्या दोन दातांत फट असलेली. बोलताना 'स' आला की त्या फटीतून शिट्टी वाजायची. खात्यात सगळे तिला शिट्टीच म्हणतात, असं तिनेच हसत हसत सांगितलं. वर जाऊन ती बराच वेळ पालथी पडून राहिली आणि खाली आली तेव्हा तिचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता.

"मासेमार मांजर आहे," ती म्हणाली. "फार कमी राहिलीत. दलदली बुजवल्या, लव्हाळी कापली, मग जाणार कुठे बिचारी? आता गावात शिरतात. कालवे, हौद, शोभेच्या माशांची तळी, जिथे पाणी तिथे ही मांजरं."

"तो टिकटिक आवाज?" ताईने विचारलं.

"नखं. साध्या मांजराची नखं पूर्ण आत जातात. हिची थोडी बाहेरच राहतात. बोटांच्या मधे पडदाही असतो थोडासा. पोहते, बुडी मारते, पाण्याखालून बदकाचे पाय धरते. आणि मासे धरायची तर एक युक्तीच आहे हिची." तिने टेबलावर बोट टेकवलं. "काठाशी बसते आणि पंजाने पाण्यावर अगदी हलकेच टिचक्या मारते. अशा. माशाला वाटतं किडा पडला. तो वर येतो."

"आणि मग?"

"मग नसतो."

शिट्टीने आईकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "आता तिला पकडलं तर पोटातली पिल्लं दगावतील. बाळंत होऊ दे. मग पिंजरा लावून पिल्लांसकट लांब तलावावर नेऊन सोडू. तोवर ती झडप पक्की बंद करा. आणि खिडकीही."

"ती माणसावर येते का?"

"येत नाही सहसा. माणसाला टाळते. पण पिल्लांवाली मादी, आणि खाली अंथरुणावर न हलणारं माणूस..." ती थांबली. "मी खोटं नाही सांगणार. मला माहीत नाही."

तिने माळ्यावर एक लहानसा कॅमेरा बसवला. धाकट्याने झडपेला लोखंडी कडी ठोकली. हातोड्याच्या प्रत्येक घावाला आई डोळे मिटून घेत होती.

नंतरचे दिवस ताईने दुकान आणि खोली यांच्यामधे येरझाऱ्या घालत काढले. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना तिचं लक्ष मागच्या आवाजाकडे असायचं. वर हालचाल वाढली होती. काहीतरी फरफटत नेलं जायचं, कापड फाटायचं, मग शांतता. आईचं मात्र खाणं सुधारलं होतं. ती चमचा पुढे आला की आपणहून तोंड उघडायची, घाईघाईने गिळायची. कामावर निघालेलं माणूस दोन घास पोटात ढकलतं, तसं. पूर्वी रात्री-अपरात्री कुणाचं बोलावणं आलं की ती अशीच जेवायची, हे ताईला आठवलं आणि तिने तो विचार तिथेच सोडला.

एका दुपारी ताई दुकानात चाकावर काच घासत होती. चाकावर पाण्याची धार चालू, काचेचा करकर आवाज. त्या आवाजातून तिला आईचा आवाज ऐकू आला. हाक नव्हती. तो आईचा कामाचा आवाज होता. चाक बंद करून ती मागे धावली.

आई उताणी पडली होती, मान ताठ, नजर छतावर.

"दम धर," ती सांगत होती. "लोटू नकोस इतक्यात. श्वास घे. घे श्वास."

वरून धापा ऐकू येत होत्या. फळ्यांच्या एवढ्या जवळून, की ताईला आपल्याच मानेवर ऊब लागल्यासारखं वाटलं. मग एक घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज आला. गुरगुर नव्हे, म्याव तर मुळीच नव्हे. घशातल्या घशात कुणी हसावं तसा.

"हां, आता. आता लोट," आई म्हणाली.

फळी करकरली. थोड्या वेळाने बारीकशी किंचाळी, ओल्या दाराच्या बिजागरीसारखी.

"एक," आई म्हणाली आणि डावा हात पांघरुणावर पुसला.

ताई पलंगाच्या कडेला बसली. तिने आईचा लुळा हात हातात घेतला. तिला पळून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. दुकानात कुणीतरी येऊन "ताई, आहात का?" असं विचारून गेलं. तिने ओ दिली नाही. बऱ्याच वेळाने दुसरं पिल्लू किंचाळलं. आईच्या कपाळावर घाम होता. ताईने तो टिपला, लहानपणी आई दमून घरी आली की टिपायची तसा.

"झालं का गं?" ताईने कुजबुजत विचारलं. आपण हे कुणाला आणि कशाबद्दल विचारतोय, हे तिचं तिलाच उमगेना.

आईने मान हलवली. "अजून आहे. आडवं आलंय."

त्यानंतरची दुपार फार लांबली. वरचा आवाज मधेच यायचा, मधेच बुडायचा. आई कधी दटावत होती, कधी चुचकारत होती. "असं नाही करायचं. वळ जरा. डाव्या कुशीवर वळ." आणि वर खरंच कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज व्हायचा. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. शेवटी एक लांबलचक धाप आली, काहीतरी मऊ फळीवर पडलं, आणि मग किंचाळी आली नाही. दोघी मायलेकी वाट बघत राहिल्या. आली नाही.

आईचे डोळे भरले. रडताना तिच्या चेहऱ्याची एकच बाजू रडत होती. दुसरी तशीच कोरडी, शांत होती.

दिवेलागणीच्या सुमाराला ताई दुकानाचं शटर ओढायला पुढे गेली. आईसाठी सूप गरम केलं आणि वाटी घेऊन मागे आली. आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी तिचे पाय खिळले.

झडपेची कडी जागच्या जागी होती. खिडकी मात्र उघडी होती. वास जावा म्हणून तिनेच ती सकाळी किलकिली केली होती, आणि आता ती पूर्ण उघडी होती. पलंगावर, आईच्या उजव्या कुशीशी, ते जनावर बसलं होतं. इतक्या जवळून ते फारच मोठं दिसत होतं. पाठीवरचे ठिपके श्वासाबरोबर हलत होते. आईच्या छातीवर मुठीएवढा काळपट ओला गोळा पडला होता. मान लोंबती, जीभ निळी, बाहेर आलेली. आई डाव्या हाताच्या बोटांनी त्या गोळ्याची छाती चोळत होती. न थांबता, वर-खाली, वर-खाली.

आणि मादी एक पंजा पुढे करून आईच्या लुळ्या हातावर टिचक्या मारत होती. अगदी हलकेच. टिक. मग थांबून पुन्हा टिक.

ताईला शिट्टीचं टेबलावरचं बोट आठवलं. ओरडावं तर ते जनावर कुठल्या दिशेला झेप घेईल कोण जाणे, आणि आईचा गळा त्याच्या तोंडापासून वीतभरसुद्धा लांब नव्हता. तिने आईच्या डोळ्यांत बघितलं. आईनेही बघितलं. त्या नजरेत भीती नव्हती. दाराबाहेर थांब, असं ती बाळंतिणीच्या नवऱ्यांना नजरेनेच सांगायची, तशी ती नजर होती.

टिक, टिक.

आईची करंगळी हलली.

झटका आल्यापासून मालिश, औषधं, गरम पाण्याचा शेक, कशालाही दाद न दिलेला तो हात. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, आणि मग पाण्याच्या तळातून काहीतरी वर यावं तसा अख्खा हात सावकाश गादीवरून उचलला गेला. तो थरथरत छातीवर आला आणि त्या गोळ्यावर टेकला. आता दोन्ही हात चोळत होते. मादीने पंजा मागे घेतला. तिच्या घशातून तो घोगरा आवाज निघाला, हसल्यासारखा.

किती वेळ गेला हे ताईला नंतर कधीच सांगता आलं नाही. सूप गार होऊन त्यावर साय धरली होती एवढं खरं. मादीने अचानक मान पुढे घातली, तो गोळा मानगुटीला धरून उचलला, खिडकीच्या चौकटीवर चढली आणि दिसेनाशी झाली. गोळा जिवंत होता की नाही, ते ताईला दिसलं नाही. आईच्या छातीवर एक ओला डाग होता. माशाचा एक खवला तिच्या हनुवटीला चिकटला होता. ताईने तो नखाने काढला आणि मग तिला एवढी थंडी वाजली की दातावर दात आपटायला लागले.

धाकट्याला हे कळल्यावर तो पिसाळलाच. दुसऱ्या दिवशी तो शिट्टीला आणि सोबत पिंजरा नि जाड हातमोजे घेऊन हजर झाला.

"आईच्या उरावर जंगली जनावर बसतं, आणि तू वाटी धरून बघत राहिलीस?"

"हात हलला रे तिचा."

"गळा फाडला असता म्हणजे? तेव्हा काय म्हणाली असतीस, मान हलली?"

शिडी लावली. शिट्टीने हातमोजे चढवले. आणि पलंगावरून आवाज आला, तोच खणखणीत:

"बाळंतिणीला हलवायचं नाही."

शिट्टी पहिल्या पायरीवर थांबली. धाकटा म्हणाला, "तुम्ही चढा हो. आजारी माणसाचं काय ऐकता."

ताई शिडीच्या आडवी आली. आयुष्यात धाकट्याच्या शब्दाबाहेर ती फारशी गेली नव्हती. लग्न मोडलं तेव्हाही सगळी धावपळ त्यानेच केली होती. "थांबा थोडे दिवस," ती म्हणाली. "मी इथे झोपेन. खोली सोडून जाणार नाही."

"आणि काही झालं तर?"

"तर मी आहे."

धाकट्याने आपल्या हातातले हातमोजे जमिनीवर आपटले आणि जेवणाला न थांबता निघून गेला.

ताईने जमिनीवर गादी घातली. खिडकी बंद करायला म्हणून उठायची आणि न करताच परत यायची. वर पिल्लांची चुळबुळ चालायची, दूध पितानाची चपचप ऐकू यायची. कधी पत्र्यावर धप्प आवाज यायचा आणि मागोमाग मासा फळीवर आपटायचा. आई शांत झोपायची. ताईला मात्र झोप लागायची नाही. लागलीच तर पाण्यावर टिचक्या वाजल्याचा भास होऊन ती उठून बसायची आणि आधी आईच्या गळ्याकडे बघायची.

मग एका पहाटे, धुकं नुकतंच विरळ होत असताना, तिला पत्र्यावर पावलं ऐकू आली. ती मागच्या दारात गेली. मादी तोंडात पिल्लू धरून बेकरीच्या छपरावरून उतरत होती. कालव्याच्या काठाकाठाने, भिंतीला घासत, ती लव्हाळ्यांत शिरली. थोड्या वेळाने रिकाम्या तोंडाने परत आली आणि दुसरं घेऊन गेली. ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता ती येणार नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

ती आली. तिसरं पिल्लू इतर दोघांच्या निम्म्यानेही नव्हतं. ते पाय झाडत होतं.

ताई आत आली. आई जागी होती. "तीन गं आई," ताई म्हणाली. आईने मान हलवली. तिला त्यात नवल वाटलं नव्हतं.

शिट्टी आली ती हळहळतच, पण माळा उघडताना तिचा उत्साह लपत नव्हता. या वेळी ताईही तिच्यामागोमाग वर चढली. बदकांची पिसं, माशांची डोकी, एका कोपऱ्यात वाळलेली विष्ठा. मादीने घरटं केलं होतं ते आईच्या पेटीतल्या कपड्यांचं. झाकण नखांनी उचकटलेलं. सुईणपणाचे पांढरे अंगरखे बाहेर ओढून, फाडून, गोल दाबून त्यांची गादी केलेली. त्यात आईचे पिकलेले केस गुंतले होते.

"हे बघा," शिट्टी म्हणाली. घरट्याच्या मधोमध फळीत गाठ निखळून भोक पडलं होतं. त्याच्या कडा गाल घासून घासून गुळगुळीत आणि काळ्या झाल्या होत्या. ताईने वाकून डोळा लावला. भोकातून फक्त आईची उशी दिसत होती, आणि उशीवर आईचा चेहरा, सरळ वर बघणारा.

शिट्टीने कॅमेऱ्यातली दृश्यं दुकानातल्या टेबलावर बसून बघितली. ताईही बघत होती. संध्याकाळचा करडा उजेड. मादी भोकाशी तोंड नेऊन बसलेली. तिच्या घशातून तो आवाज निघतो, घोगरा, हसल्यासारखा. मग ती थांबते, कान पुढे करते. आणि खालून तस्साच आवाज येतो. ती पुन्हा बोलते. खालून पुन्हा उत्तर. गप्पा चाललेल्या. पहिलं दृश्य होतं ते कॅमेरा बसवला त्याच संध्याकाळचं.

शिट्टीने चित्र मागे नेऊन पुन्हा लावलं. "खाली दुसरं जनावर होतं का?" तिने विचारलं. "नर वगैरे? कारण हा आवाज ती फक्त आपल्यातल्यांशी करतात."

"रेडिओ असेल," ताई म्हणाली.

"त्या खोलीत रेडिओ आहे?"

"होता."

शिट्टीने चित्र बंद केलं. चहा घेऊन ती गेली.

आईचा हात पुढे चांगलाच सुधारला. चमचा धरता येऊ लागला, मग पेला, मग ती स्वतःच्या केसांवरून हात फिरवू लागली. डॉक्टरांनी आपल्या औषधांची पाठ थोपटली. पण शब्द मात्र गळत गेले. आधी मोठी वाक्यं गेली, मग "मंगळवार" गेला, मग "दार"ही गेलं. एका सकाळी ताईने विचारलं, "पाणी देऊ का आई?" आणि आईने घशातल्या घशात उत्तर दिलं. त्यानंतर तेवढाच एक आवाज राहिला. त्याच आवाजात ती पाणी मागायची, रागवायची, हसायची. दिवस मावळताना खिडकीशी खुर्ची सरकवून घ्यायची आणि कालव्याकडे तोंड करून बराच वेळ बोलत बसायची. धाकट्याला ते सहन होईना. तो यायचा, दारातूनच विचारपूस करून जायचा. ताईला मात्र त्यातले बारकावे कळायला लागले होते. कुठला आवाज तहानेचा आणि कुठला नुसता आठवण काढण्याचा, ते ती चाकावर काच घासतानाही ओळखायची.

एकदा एक नवखी बाई नंबर तपासायला आली होती. भिंतीवरच्या अक्षरांसमोर बसून, एक डोळा झाकून ती वाचत होती. मागच्या खोलीतून तो आवाज आला, लांब आणि घोगरा. बाई वाचता वाचता थांबली. झाकलेला डोळाही उघडला.

"मांजर पाळलंय का तुम्ही?"

"आई आहे," ताई म्हणाली, आणि तिला खालची ओळ वाचायला सांगितली.